उरलेली तीन माणसं

नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाची खानावळ बंद करून तिथं कचेरी थाटायचं विश्वस्त दादासाहेब वैशंपायनांच्या मनानं घेतलं. वसतिगृहातल्या मीनलचं त्या शहरात कुणी नव्हतं. दिवसभरात तिला नावानं हाक मारणारं माणूस भेटायचं, ते रात्रीच्या त्या पंगतीतच.

दादासाहेबांनी सगळ्या मुलींना बोलावून समजावलं, "खोलीत शेगडी ठेवा आणि स्वतः रांधा. बाहेरचा एक बर्गर दीडशेला पडतो. आमच्या घरी तेवढ्यात वरण, भात, पोळ्या, कोबीची भाजी होते आणि चार माणसं ढेकर देऊन उठतात! आता सांगा, स्वस्त काय?"

मीनल उठली.

"दादासाहेब, कोबीचा गड्डा मी आणीन हो. पण जेवायला उरलेली तीन माणसं कुठल्या मंडईतून आणू? एकटीच्यानं गड्डा संपत नाही, सडून जातो. बर्गर तेवढा एकटीपुरता मिळतो."

हसू फुटलं आणि लगेच विरलं. बऱ्याच जणी खाली बघू लागल्या.

दादासाहेब उखडले, "एवढं साधं कळत नाही? चार जणींनी वर्गणी काढावी, एकत्र शिजवावं, एकत्र बसून जेवावं!"

"तेच तर करतोय आम्ही," मीनल म्हणाली. "चार नाही, चाळीस जणी. त्यालाच खानावळ म्हणतात."

स्वतःचाच सल्ला खोडायचा कसा? दादासाहेबांनी कचेरीसाठी दुसरी जागा बघितली.