गेणू करवून घेतो

पाचगणीच्या पायथ्याला एका गावात गेणू नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगाने दांडगा, मनाने गरीब, आणि सांगितलेलं ऐकण्यात एक नंबर. वर बंगल्यांत गोरे पाहुणे उतरतात, चार शब्द आले तर पोराला तिथे काम लागेल, म्हणून आईने त्याला सोनवलकर मास्तरांच्या इंग्रजी क्लासला घातलं.

मास्तरांनी आधी 'मेक' शिकवला. दुसऱ्याला एखादी गोष्ट करायला भाग पाडलं की इंग्रज 'मेक' म्हणतो. मदर मेक्स मी ईट, आई मला खायला लावते. गेणूने मान डोलावली. घरी मामा आला होता. त्याची एकादशी. गेणूने त्याला भिंतीला टेकवलं, मांडीवर गुडघा ठेवला आणि वाटीभर सुकट खायला लावली. मामा एसटीची वाट न बघता चालतच गावी गेला.

आई म्हणाली, अरे, माणसावर जबरदस्ती करू नये, गोडीने घ्यावं. गेणूने ते क्लासात जाऊन सांगितलं. मास्तर म्हणाले, बरोबर, त्याला 'गेट' म्हणतात. समजूत काढून करायला लावायचं. परड्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. गेणू तिच्याशी गोड बोलला, दाणे टाकत टाकत तिला पार मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणलं. अंडी गार.

आई म्हणाली, बसलीय तर बसू द्यावं ना. मास्तर म्हणाले, हा झाला 'लेट'. ज्याला जे करायचंय ते करू द्यायचं, आपण मध्ये पडायचं नाही. शेजारची म्हैस मेथीत शिरली. गेणू बांधावर बसून राहिला. म्हशीने मेथी खाल्ली, कोथिंबीर खाल्ली, वाळत घातलेलं आईचं लुगडं चघळलं. गेणूने सगळं करू दिलं.

आई रडकुंडीला येऊन म्हणाली, एकट्याला भीती वाटली, तर कुणाकडून तरी म्हैस हाकलून घ्यायचीस. मास्तर तर खूशच झाले.

"हा 'हॅव'. मडम म्हणते, आय हॅड माय हेअर कट. कात्री न्हाव्याची, केस मडमचे. अवघड काम स्वतः करायचं नाही, जाणत्याकडून करवून घ्यायचं."

हे गेणूला फारच पटलं.

पुढे त्याचं लग्न ठरलं. मुलगी मंजुळा, चुणचुणीत. गेणू घोड्यावर बसून निघाला आणि वाटेत त्याला घाम फुटला. भटजी संस्कृत बोलणार, सात पावलं न चुकता टाकायची, वर उखाणा. त्याने घोडेवाल्या बारकूला विचारलं, तुला यातलं काही कळतं का? बारकू म्हणाला, रोज लग्नंच बघतो, सगळं पाठ आहे. गेणूने लगेच आपला फेटा आणि मुंडावळ्या त्याच्या डोक्यावर चढवल्या. बारकूला कुणी मुलगी देत नव्हतं. त्याने फार प्रश्न विचारले नाहीत.

आई आत विहिणींच्या मानपानात अडकली होती. फुलांच्या मुंडावळ्या दाट, नवरा कोण ते कुणाला दिसेना. अंतरपाट खाली आला. मंजुळाने समोर पाहिलं, हा तो नव्हे. मांडवाबाहेर पाहिलं, तर तो घोड्याला इंग्रजी शिकवत उभा होता. तिने क्षणभर विचार केला आणि बारकूच्या गळ्यात हार घातला.

आई धावत बाहेर आली. "मेल्या, तू इथे? मग आत अक्षता कुणावर पडल्या?"

"बारकूवर. मी लग्न करवून घेतलं."

"आणि आता बायको कुणाची?"

गेणूला आईच्या अडाणीपणाची कीव आली. "माझीच. केस न्हाव्याने कापले म्हणून डोकं न्हाव्याचं होतं का?"

तेवढ्यात बारकू मंजुळेला घेऊन आला आणि दोघं घोड्यावर बसली. गेणूने लगाम त्याच्या हातात दिला आणि मालकाच्या थाटात सांगितलं, "संसाराचंही तूच बघ. पोरं झाली की निरोप धाड, नावं ठेवायला मी येतो."