ढिगाचे चार वाटे

“तुमच्या बाबांनी जन्मभर दगड दळले. आता निदान शेवटचे तरी निवडून दळा म्हणावं!” एका खाणीच्या गावात एक थोरली सून दाराआड नवऱ्याला सांगत होती. हे धाकट्या सुनेला ऐकू जायला नको होतं. पण शर्वरी नवी नवरी होती. नव्या नवरीने फार बोलायचं नसतं. कानांना मात्र कोणी बंदी केलेली नसते.

बाबा म्हणजे तिचे सासरे, नीळकंठराव देवतळे. धातूंचे अभियंते. पत्र्याच्या शेडमधल्या एका भट्टीपासून त्यांनी सुरुवात केली आणि खनिजांवर संशोधन करणाऱ्या एकामागून एक संस्था नावारूपाला आणल्या. आता ते गावातल्या संस्थेचे संचालक होते, निवृत्तीला आलेले. खाणीतलं कसदार मँगनीज संपत आलं होतं. उरला होता हलका दगड. तो दळून, धुऊन त्यातलं मँगनीज वेगळं काढायची रीत बाबांनी बसवली होती. ती परवडली तर खाण चालणार, नाहीतर अख्खं गाव घरी बसणार. तिची परीक्षा बघायला खाणीचे कारभारी यायचे होते.

थोरला मुलगा विश्राम बाबांच्याच हाताखाली होता. परीक्षेच्या सकाळी तो हळूच म्हणाला, “बाबा, ढिगातले जरा काळे, वजनदार, कसदार दगड उचलू या. कोणाला कळतंय?”

“खाणीला कळेल,” बाबा म्हणाले. “ती उद्या निवडून देणार आहे का?”

आणि संचालक स्वतःच फावडं घेऊन उभे राहिले. फोडलेल्या दगडाचा ढीग त्यांनी मिसळला, भाकरीसारखा थापून पसरला, त्याचे चार वाटे केले. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन बाजूला सारले. उरलेलं पुन्हा मिसळलं, पुन्हा पसरलं, पुन्हा वाटे. असं करत शेवटी घमेलंभर राहिलं, अख्ख्या ढिगाचा खरा नमुना. एक सुरेख काळाभोर खडा टाकलेल्या वाट्यात गेला, तेव्हा डबा घेऊन आलेल्या शर्वरीलाच चुटपुट लागली. बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

त्या घमेल्यातून किती मँगनीज निघालं, त्याचा आकडा संध्याकाळी आला. लहानच आला. विश्रामने मान खाली घातली. कारभारी पालीवाल कागदाकडे बघत राहिले.

“देवतळेसाहेब, दुसरीकडे आम्हाला याच्या दुप्पट दाखवलं होतं.”

“मग?”

“त्या भरवशावर दगड दळायची मोठी गिरणी उभारली. तेवढा माल निघालाच नाही. आज तिथे कबुतरं राहतात.” त्यांनी हात पुढे केला. “तुमच्या आकड्यावर लहानच बांधू. पण ती चालेल.”

लहान गिरणी उभी राहिली, आणि खाण चालू राहिली. तिचा भोंगा पहिल्यांदा वाजला त्या दिवशी घरात गोडाचं जेवण होतं. जाऊबाई वाढता वाढता म्हणाल्या, “थोडक्यात निभावलं हो. नशीब बाबांचं!”

बाबा हसून भात कालवत राहिले. शर्वरीने मान वर केली. या घरात आजवर तिचा आवाज “हो” आणि “वाढू का” एवढाच ऐकू आला होता.

“नशीब कसलं, ताई? बाबांनी निवडून दळलं नाही, म्हणून निभावलं. निवडलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. मला बघायला आलात तेव्हा घरातली निवडक माणसं आणलीत आणि बाबांना कामावर सोडून आलात. त्यांना आणलं असतंत, तर होकार द्यायला मी इतके दिवस लावले नसते.”

तात्पर्य: चांगलं तेवढं निवडून न दाखवता जो आहे तसा ढीग जगापुढे मांडतो, त्याच्या लहान आकड्यावरही गाव उभं राहतं.