टाका तुटला न्हाय

“मग चूक कुनाची? माजी?”

जालिंदरनं गाडीचं दार असं आपटलं की चिंचेखालचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडं जाऊन झोपलं.

मेहबूबचाचा खाली मान घालून सुईत दोरा ओवत ऱ्हायला. विट्याच्या रस्त्याला त्याचं कुशनचं दुकान. चाळीस वर्सं गाड्यांच्या सीटा शिवत बसलेला मानूस. बोलायचं म्हनलं की दाढ दुखल्यागत त्वांड करायचा.

जालिंदर त्याच्या हाताखाली नऊ वर्सं. हात असा की मशीननं लाजावं, आनि डोकं असं की वर चपाती भाजावी. त्याला सोताचं दुकान टाकायचं होतं. जागा बी बघून ठेवलेली. पन ह्या धंद्यात उस्तादाचा शब्द घेतल्याबिगर सुटलेल्या गड्याकडं गिऱ्हाईक फिरकत न्हाय. आनि चाचा काय शब्द देईना.

त्यात आज शेंडगे डॉक्टर परत आले. जनावरांचे डॉक्टर. गाडी जुनी, सीटा खऱ्या कातड्याच्या. चार म्हैन्यांमागं ड्रायव्हरची सीट झिजून फाटलेली, आतला काथ्या बाहेर डोकावत होता. जालिंदरनं कोल्हापूरवरनं एक नंबर नवं कातडं आनलं, तुकडा बसवला, बारीक, घट्ट, दुहेरी दोऱ्याचा टाका घातला.

तवा वीतभर फाटली होती. आता हातभर.

“मी म्हशीला टाका घालतो, जालिंदर,” डॉक्टर म्हनले. “ती लाथा झाडते, चिखलात लोळते, तरी टिकतो. मी तर नुसता बसत होतो.”

जालिंदरचं टाळकं सरकलं.

“डॉक्टर, हिकडं या. वाका जरा. तुकडा बघा माजा, कुटं चिरलाय? टाका बघा. एक तरी तुटलाय?”

डॉक्टर वाकले. खरंच, एक बी टाका तुटला न्हवता. तुकडा जसाच्या तसा. फाटलं होतं ते भोवतीचं जुनं कातडं… टाक्याच्या भोकाभोकानं, टपालाचं तिकीट फाडल्यागत.

“चाचा, आता तुमीच सांगा. माजं काय फाटलंय?”

“तुजं कायच फाटलं न्हाय.”

“हां. ऐका, डॉक्टर.”

“सीट फाटली,” चाचा म्हनला.

डॉक्टर हसले न्हाईत. त्यानं जालिंदरला आनखीनच झोंबलं.

“मग काय जुनं कातडं लावू? तीस वर्सांचं? ह्याच रंगाचं, हितकंच मऊ? त्ये कुटं पिकतं?”

“हाय की.”

“कुटं हाय?”

चाचानं बिडी पेटवली…

राग ऱ्हायला बाजूला, गड्याच्या डोक्यात भुंगा शिरला. कुटं असंल? म्हाताऱ्यानं कुटं दडवून ठिवलंय? त्यानं दुकानातला माळा उपसला. चाचाच्या बैठकीखालचं पोतं बी उचकटलं. मग मोटारसायकलला किक मारून भंगारवाल्यांच्या तीन वखारी पालथ्या घालून आला. दुपार कलली. हात काळे, त्वांड काळं, कातडं काय गावलं न्हाय.

“बघा, आमच्या गोठ्यात शिंगं टांगलेली आहेत, ती चालतील का,” डॉक्टर म्हनले. त्यांचा तिसरा चहा झाला होता.

चाचा उठला. सीटचे नट सोडले, सीट बाहेर काढली. गोनपाटावर पालथी घातली. आनि परत आपल्या जागंवर जाऊन बसला.

जालिंदर उकिडवा बसून बघाय लागला.

स्प्रिंगा… गंज… कवाचं तरी पेनाचं टोपन. आनि मागच्या अंगाला, पाठ टेकती तिथनं आत दुमडून गेलेली कातड्याची रुंद पट्टी. तिच्यावर कदी कुनी बसलेलं न्हाय. तिला कदी कुनी बघितलेलं न्हाय. पन त्याच ढोराचं कातडं, त्याच गाडीत म्हातारं झालेलं.

त्यानं बोट फिरवलं. मऊ.

“नऊ वर्सं सीटा पालथ्या करतोय मी,” तो म्हनला. “ह्ये कसं दिसलं न्हाय?”

“खिळं मोजत होतास.”

जालिंदरनं पट्टी कापली, फाटल्या जागंवर ठिवून बघितली. रंग जरा गडद वाटला. उनात धरली, तळहातानं चोळ चोळ चोळली. मग त्याच्या ध्यानात आलं.

“पन चाचा, खाली भोक पडलं की. तितं काय लावू?”

“तुजं नवं.”

“तितं? दुकानातलं सगळ्यात भारी कातडं हाय ते. सीटच्या बुडाखाली घालू? कोन बघनार?”

चाचा धूर सोडत ऱ्हायला.

जालिंदरनं दात खाल्ले, पन लावलं. मग दोरा ओवला. चाचानं हात पुढं करून दोऱ्याचा एक पदर काढून टाकला.

“असा तर तुटंल ह्यो.”

“तुटू दे. दोरा बाजारात मिळतो.”

जालिंदरनं टाके लांब लांब घातले, कातड्याला श्वास घेता यील इतके सैल. सीट जागंवर बसवली.

डॉक्टरांनी हात फिरवला. बसले. उठले. चष्मा लावून परत वाकले.

“अरे, ही तर जुनीच आहे. मग नवीन कातडं लावलंस कुठं?”

जालिंदरनं त्वांड उघडलं. सांगायचं तर लई होतं…

“हाय कुटंतरी,” तो म्हनला.

चाचानं सकाळपासनं पयल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

डॉक्टर गेले. गाडीचा धुरळा खाली बसला. जालिंदर तितंच हुबा. नेहमी वरडून बोलनारा गडी, आज आवाज असा की सोतालाच जेमतेम ऐकू यावा.

“चाचा… दुकानाचं… टाकू का मी?”

चाचानं बिडी जमिनीला घासून विझवली.

“टाक. बोर्ड तेवढा आतल्या भिंतीला लाव.”