माळ्यावरचा भोपळा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका, कारण तेव्हाचे लोक वर्षं मोजत नसत, ऋतू मोजत. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. पाऊस परतला, आभाळ निवळलं आणि शेतातला भात पिवळा पडू लागला की त्या गावाला खाण्याचे वेध लागत. घरोघरी नव्या भाताचे पोहे कांडले जात, शेंगा उकडल्या जात, रताळ्याच्या चकत्या तुपागुळात परतल्या जात. चार महिने चिखल तुडवून थकलेल्या माणसांचा तो हक्कच होता.

गावाची एक रीत होती. शरदातल्या पौर्णिमेला, चंद्र डोंगराच्या वर आला की सगळं गाव देवळापुढच्या चिंचेखाली जमायचं. प्रत्येक घरातून एक ताट यायचं. आपल्या ताटातलं आपण खायचं नाही, दुसऱ्याच्या ताटातलं खायचं. जिचं ताट सगळ्यांत आधी रिकामं होईल तिच्या हातानं गावाला आटीव दूध वाटायचं. एवढाच तो मान, पण त्यासाठी गावातल्या बायका महिनाभर आधीपासून मनातल्या मनात स्वयंपाक करत असत.

हा मान वीस वर्षं सगुणाबाईकडे होता. तिच्या ताटात असत तांबड्या भोपळ्याचे घारगे. गुळाच्या रंगाचे, तळहाताएवढे, टम्म फुगलेले, कडेला खुसखुशीत आणि आतून मऊ. बाळंतिणीला तोच घारगा हवा असे आणि गावाला निघालेल्या माणसाच्या शिदोरीतही तोच. ताट खाली ठेवायचा अवकाश, की ते रिकामं होई.

सगुणाबाई कंजूष नव्हती. घारगे मागाल तेवढे द्यायची. मात्र ते कसे करायचे, हे द्यायची नाही. कृती गेली की मान गेला आणि मान गेला की आपल्याला कोण विचारतंय, असं तिच्या मनानं घेतलं होतं. विधवा बाई, सोबतीला एक मुलगा आणि एक सून. गावात आपली किंमत आहे ती या घारग्यांमुळे, असं तिला खरंच वाटे.

पण शेजारीण दारात येऊन विचारते तेव्हा तोंडावर नाही कसं म्हणायचं? सगुणाबाईनं त्यावर उपाय शोधला होता. ती शेजारणीला आत बोलवायची, दार लोटायची आणि आवाज खाली आणून म्हणायची, "तुला म्हणून सांगते हो. दुसरीच्या कानावर जाता कामा नये." मग ती सगळी कृती सांगायची आणि एक गोष्ट गाळायची. तीही प्रत्येकीसाठी वेगळी. सगळ्यांचे घारगे एकाच प्रकारे बिघडले असते तर बायकांना संशय आला असता, इतका विचार तिनं केलेला होता. ही बुद्धी तिनं दुसरीकडे वापरली असती तर गावाचं भलं झालं असतं, पण ते असो.

घारगे बिघडले की ती ती शेजारीण स्वतःलाच दोष द्यायची. आपल्या हाताला गुण नाही, असं म्हणून गप्प बसायची. कुणाला सांगणार नाही असं कबूल केलेलं, त्यामुळे दुसरीला विचारायचीही सोय नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर प्रत्येकीला मनातून बरं वाटत होतं, की सगुणाबाईनं कृती दिली ती फक्त आपल्याला.

आणि एक गोष्ट तर सगुणाबाईनं कुणालाच सांगितली नव्हती. घारग्यांच्या दिवशी ती सुनेलाही परसात पाठवायची. ती गोष्ट कोणती, ते पुढे येईलच.

त्या वर्षी पाऊस सरता सरता सगुणाबाईला ताप आला. पंधरा दिवस तिनं अंथरूण सोडलं नाही. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भात तोंडात घेतला तरी राख, दूध घेतलं तरी राख. दोन घास झाले की ती तोंड फिरवायची. अंगावरचं मांस उतरलं, चोळीच्या बाह्या दंडावर ढगळ लोंबू लागल्या.

वैद्य आले, नाडी पाहिली आणि बाहेर येऊन सुनेला म्हणाले, "चिमा, माझी औषधं संपली. आता हिनं खाल्लं तर ही उठेल, नाही खाल्लं तर पौर्णिमा बघायची नाही. हिच्या जिभेला ओळखीचं असेल असं काहीतरी दे."

चिमा आत आली आणि सासूच्या पायाशी बसली. "आत्याबाई, काय खावंसं वाटतं? काहीही सांगा."

सगुणाबाईनं डोळे मिटले होते. विचार करायच्या आतच तिच्या तोंडून निघून गेलं, "एक घारगा मिळाला असता तर."

"मी करते. फक्त कसा करायचा ते सांगा."

सगुणाबाईनं डोळे उघडले. सून समोर बसली होती, पदर खोचून, आत्ताच उठायच्या तयारीत. सांगावं, असं सगुणाबाईच्या जिभेवर आलंही. पण वीस वर्षांची सवय एका दुपारीत जात नाही. "राहू दे," ती म्हणाली. "पौर्णिमेच्या आत मीच उठून करीन."

उठून करीन म्हणाली खरी, पण तिला कुशीवर वळायलासुद्धा सुनेचा हात लागत होता. भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली. मनातून ती घाबरली होती आणि आपण कशाला घाबरलो आहोत, मरणाला की मान जायला, हे तिचं तिलाच कळेना.

चिमा रडत बसणाऱ्यांतली नव्हती. ती शेजारच्या कुंभारणीकडे गेली आणि घारगे करता येतात का, असं तिनं विचारलं. कुंभारणीनं इकडेतिकडे पाहिलं आणि कानात सांगितलं, "मला येतात गं थोडेफार. पण तुझ्या सासूनं कुणाला सांगू नकोस म्हटलंय." संध्याकाळी तिनं झाकलेली ताटली पाठवली.

सगुणाबाईनं एक तुकडा तोंडात घातला. चव नसलेल्या तोंडालाही काही गोष्टी कळतात. गोडवा नुसताच पसरत होता, त्याला धार नव्हती. चिमूटभर मीठ नव्हतं. नसणारच, तेच तर तिनं कुंभारणीला सांगायचं गाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिमा दुसऱ्या दारी गेली आणि तेलीणबाईंची ताटली आली. घारगा हातात धरला की मान टाकत होता, कारण त्यात तांदळाची पिठी नव्हती. तिसऱ्या दिवशी गुरवीणबाईंचा घारगा आला तो दातांना ओढून धरणारा. पिठात घालायचं गरम तुपाचं मोहन त्यांना सांगितलंच नव्हतं. पाटलीणबाईंच्या घारग्यात भोपळ्याच्या कच्च्या गाठी लागत होत्या. भोपळा शिजायच्या आत गूळ घातला की फोडी कडकच राहतात, आणि भोपळा आधी शिजवून घ्यायचा, हे पाटलीणबाईंना सांगायचं गाळणारी दुसरी कोण होती?

चार दिवस, चार ताटल्या. प्रत्येक तुकड्यात सगुणाबाईला आपलंच खोटं लागलं. दर वेळी ती सुनेला म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही, माझंच तोंड कडू आहे." हे वाक्य मात्र तिनं अगदी मनापासून म्हटलं.

उरलेले तुकडे चिमा खात होती. तिला ताप आला नव्हता आणि तिची जीभ शाबूत होती. कुंभारणीच्या घारग्यात पिठी आहे, तेलीणबाईंच्या घारग्यात मीठ आहे, हे तिच्या ध्यानात आलं. पाचव्या दिवशी दुपारी तिनं चौघींनाही आपापली ताटली घेऊन एकाच वेळेला बोलावलं.

चौघीही पदराखाली ताटली लपवून आल्या आणि ओसरीवर एकमेकींना भेटल्या. ताटल्या कुणाच्याच लपल्या नाहीत.

"तू पण?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"तुम्हीसुद्धा?" कुंभारीण म्हणाली. "मला तर सांगितलं होतं, फक्त तुला."

"मलाही फक्त तुला."

आतल्या खोलीत सगुणाबाईनं गोधडी डोक्यावर ओढली. पण गोधडीतून ऐकू येतंच. ओसरीवर एकेक घास घेतला जात होता आणि एकेक गोष्ट बाहेर येत होती. तू मीठ घालतेस? मग मला का नाही सांगितलं? मोहन? कसलं मोहन? प्रत्येक वाक्यागणिक सगुणाबाई अंथरुणात आणखी लहान होत गेली.

"वीस वर्षं मी हिच्याकडे विरजण पाठवते," पाटलीणबाई म्हणाल्या. "मावेल तेवढं पीठ घाल म्हणाली, तेव्हाच मला वाटलं होतं, ही काहीतरी लपवतेय."

बिचाऱ्या सगुणाबाईनं तेवढं मात्र खरं सांगितलं होतं. भोपळा जसा निघेल तसं पीठ मावतं, त्याला दुसरं माप नाही.

गुरवीणबाईंनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. मग म्हणाल्या, "तिनं एकेक गोष्ट गाळली हे खरं. पण बाकीचं सगळं आपल्यापाशी होतं. एक दिवस चौघी जवळ बसलो असतो तर घारगा केव्हाच पुरा झाला असता. आपणही लपवलंच की."

चौघींनी एकमेकींच्या ताटल्यांकडे पाहिलं. मग तेलीणबाई हसू लागल्या आणि त्यांचं बघून बाकीच्याही. चिमा म्हणाली, "तुमचं भांडण पौर्णिमेनंतर करा. आत माणूस उपाशी आहे." तेव्हा चौघी पदर खोचून चुलीपाशी गेल्या.

तासाभरानं घारगा आला. कडेला खुसखुशीत, आतून मऊ, मीठ बेताचं, गूळ मुरलेला. सगुणाबाईनं घास घेतला. पाची जणी दारात उभ्या होत्या. घास जिभेवर फिरला आणि खूप लांबून काहीतरी ओळखीचं आल्यासारखं वाटलं. पण जवळ येता येता ते थांबलं. भोपळा पाणचट होता. आजच वेलावरून उतरवलेला.

सगुणाबाईला ते लगेच कळलं. आणि हेही कळलं, की आता गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नाही. एवढी एक गोष्ट तरी आपली राहील. मान आपला राहील. दूध वाटायला आपण नसू, एवढंच.

तिनं दाराकडे पाहिलं. फसवलेल्या चारही बायका तिथेच होत्या. कुणी घरी गेली नव्हती. चिमाच्या मनगटावर तेलाचे चटके उठले होते आणि ती ते पदरानं झाकत होती. सगुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांनी आपल्याला विचारणं सोडू नये म्हणून एवढं लपवलं, त्या न लपवताही आल्याच असत्या, हे तिला त्या वेळी समजलं.

"चिमे," ती म्हणाली, "माळ्यावर चढ. कोपऱ्यात धान्याची रिकामी कणगी आहे, तिच्यात गवत आहे. गवताखाली एक भोपळा आहे."

चिमा शिडी लावायला वळली.

"वेलावरचा भोपळा लगेच कापायचा नसतो. देठासकट काढायचा आणि निदान पंधरा दिवस कोरड्या जागी ठेवायचा. त्याचं पाणी आटतं आणि गोडी वर येते. आजारी पडायच्या आधी मी तो ठेवला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणालाच नाही." मग तिनं चौघींकडे पाहिलं. "तुम्हाला मी फसवलं. चुकले मी."

"ते नंतर बघू," पाटलीणबाई म्हणाल्या. "आधी भोपळा."

तो भोपळा कापला तेव्हा आतून शेंदरासारखा लाल निघाला. पहिला घारगा तळून आला. सगुणाबाईनं घास घेतला, डोळे मिटले आणि तो सावकाश चावून गिळला. मग दुसरा घास घेतला, मग तिसरा. घारगा संपला तेव्हा ती म्हणाली, "चिमे, थोडी पेज टाक गं. भूक लागली." नाडी बघायला येऊन ओसरीवर बसलेल्या वैद्यांनी ते ऐकलं आणि पागोटं डोक्यावर चढवून ते घरी जायला उठले.

पौर्णिमेला अजून पंधरा दिवस होते. त्या संध्याकाळी पाची घरांच्या माळ्यावर एकेक भोपळा चढला.

पौर्णिमेला सगुणाबाईला मुलानं बाजेसकट चिंचेखाली आणलं. चंद्र वर आला आणि ताटं मांडली गेली. पोहे होते, शेंगा होत्या, रताळी होती, आणि पाच ताटांत घारगे होते. पाची ताटं अशी एकदम रिकामी झाली की आधी कुठलं रिकामं झालं, ते सांगता येईना.

गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी विचारलं, "मग दूध कुणी वाटायचं? हे घारगे कुणाचे?"

चिमा काही बोलायच्या आत चौघी एका सुरात म्हणाल्या, "सगुणाबाईचे."

सगुणाबाईला उभं राहता येत नव्हतं. चिमानं तिच्या हाताखाली हात धरला आणि दोघींनी मिळून पहिला पेला भरला. वीस वर्षं तिचं नाव एका ताटाला होतं. त्या वर्षी ते पाच ताटांना लागलं आणि पुढे लेकी सासरी गेल्या तसं डोंगरापलीकडच्या गावांतही गेलं. सगुणाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दर शरदात ती पाची घरचे घारगे खायची आणि कुणाचा भोपळा दोन दिवस कमी मुरला आहे, ते बरोबर सांगायची.

तात्पर्य: आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला पुरतं शिकवावं, आपले हात थकतात तेव्हा ते शिकलेले हात आपल्याला घास भरवतात.