दर्पणेचे निळे पाणी

एका राज्यात नदीलाच आरसा म्हणत. दर्पणा तिचे नाव. काठच्या बायका घरात आरसा ठेवीत नसत. सकाळी घाटावर जात, पाण्यात पाहून कुंकू लावीत, घागर भरून परत येत. तिथला राजा सुधन्वा आणि राणी शशिप्रभा. दोघांचे असे जमले होते की दरबारातले म्हातारेही त्यांना पाहून तरुण होत.

राजाला एकच खोड. माणूस नेमताना तो त्याचे बोलणे ऐके, काम पाहत नसे. भृंगनाथ नावाचा मांत्रिक आला, गोड बोलला आणि राजमांत्रिक झाला. वारा थांबव म्हटले तर दिवे विझत, दिवे लाव म्हटले तर वारा सुटे. एकदा भर दरबारात राणीला हसू आवरेना. राजाने भृंगनाथाला निरोप दिला.

त्याला एकच मंत्र खरा येत होता. तो त्याने जाता जाता घाटावरच्या राणीवर टाकला. म्हणाला, "राजहंसी हो, दूर जा. शरदातल्या पहिल्या सकाळी तेवढी इथे येशील. याच घाटाच्या पाण्यात स्वतःचा चेहरा पाहशील, तेव्हा सुटशील."

राणीचे पंख फडफडले आणि ती दिसेनाशी झाली. घाटावरच्या बायकांनी धावत जाऊन राजाला सारे सांगितले.

राजाचे जेवणावरचे मन उडाले. आभाळ एवढे मोठे, तिला आपले घर कसे सापडेल? राणीला निळा रंग आवडे. राजाने वाड्यामागे मोठा रंगखाना काढला आणि नीळ कालवून झेंडे रंगवले. बुरुजावर झेंडा, देवळावर झेंडा, झाडाझाडावर झेंडा. जितकी आठवण दाटे, तितके झेंडे वाढत. पाहता पाहता परमुलखांत त्या निळ्या कापडाचे वेड लागले. रंगाऱ्यांनी काठाने हौद बांधले. उरलेले पाणी ज्याने त्याने दर्पणेत सोडले.

शरद आला. राजहंसी आली. घाटावर घिरट्या घातल्या आणि ती वाड्याच्या कठड्यावर उतरली.

"राजा, पाणी कुठे आहे?"

खाली नुसती नीळ वाहत होती. तिच्यात ढग दिसेना, मग चेहरा कुठून दिसणार? दिवस मावळताच हंसी उडून गेली.

राजाने रंगाऱ्यांना बोलावले. पहिला म्हणाला, "महाराज, एवढी मोठी नदी. माझ्या एका हौदाने तिचे काय बिघडते?" दुसरा तेच म्हणाला, तिसराही तेच. कुणी खोटे बोलत नव्हते, हीच तर अडचण. राजानेही मनात म्हटले, माझे तर नुसते झेंडेच आहेत.

मग त्याने मांत्रिकांसाठी दवंडी पिटवली. पण दुधाने तोंड पोळलेला तो, ताकही फुंकून पिऊ लागला होता. खरा कोण, ढोंगी कोण, ते कळत नाही. तेव्हा सर्वांना सारखेच बेताचे वेतन. ज्यांच्याकडे विद्या होती ते वेतन ऐकून वेशीवरूनच परतले. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांना ते घबाडच वाटले; ते गाड्या भरून आले. त्यांनी राख उधळली, घंटा वाजवल्या, जेवणावळी झोडल्या. नदी निळीची निळीच.

अशी काही वर्षे गेली. हंसी येई, तेच विचारी आणि जाई. दर खेपेला तिचे माणसाचे बोलणे थोडे कमी झालेले असे. एका शरदात ती बराच वेळ राजाकडे बघत राहिली.

"राजा, तुझे नाव माझ्या तोंडी येत नाही."

राजा रडला. आपल्या माणसाने आपल्याला विसरावे, याहून मोठे दुःख त्याने पाहिले नव्हते.

हंसी म्हणाली, "बोलणे ऐकून त्या मांत्रिकाला ठेवलेस. आता बोलणे ऐकू नकोस. खोट्याला झेपणार नाही अशा अटी घाल. पुढच्या शरदात येईन. तेव्हा बोलता येईल की नाही, ठाऊक नाही."

राजाने तीन अटी घातल्या. हौदांच्या खाली, नीळ वाहत येते त्या काठी राहायचे. स्वयंपाकाला आणि प्यायला तिथलेच पाणी. राणी स्वतःचा चेहरा पाहीपर्यंत वेतन नाही. नंतर मागेल ते. पहिल्या अटीला निम्म्या मांत्रिकांना घरची आठवण झाली. दुसऱ्या अटीला उरलेल्यांची पोटे दुखू लागली. तिसरी अट ऐकायला मैदानात सुपारी कातरत बसलेली एकच म्हातारी उरली. तिचे नाव कुमुदाक्षी.

राजाने विचारले, "आजी, आधी का आला नाहीत?"

"आले होते. ढोंग्यांच्या पंगतीला मी बसत नाही."

"नदी स्वच्छ कराल?"

"नाही. सकाळी स्वच्छ करीन, संध्याकाळी तुम्ही घाण कराल. मला एवढेच येते, की ज्याचे पाणी त्याच्या दारी जावे."

तिने काठावर चिमूटभर माती टाकली. दुसऱ्या सकाळी रंगाऱ्यांच्या घरोघरी हौदाचे पाणी माठात उतरले. भात निळा झाला, आमटी निळी झाली, नवऱ्याची मिशी निळी झाली. बायकांनी नवऱ्यांना हौदावरच गाठले. सारे ओरडत वाड्यावर आले, आणि पाहतात तो राजाच्या हातातला पेला सर्वांत गडद निळा.

राजाने पेल्याकडे पाहिले, मग बुरुजावर पाहिले. त्याला कळायचे ते कळले. पण झेंडे उतरवायचे, तर ती घर कसे ओळखणार? पेला हातात धरून तो दिवसभर बसून राहिला. संध्याकाळी स्वतः बुरुजावर चढला आणि पहिला झेंडा आपल्या हाताने उतरवला. रंगखान्याला कुलूप लागले.

रंगाऱ्यांनी कमी हौद ठेवले, मागे वाळूचे खड्डे खणले, पाणी निवळू दिले. कापड महागले. परमुलखातले लोक कुरकुरले; आजवर त्यांच्या वाटचा भार नदी सोसत होती.

शरदातली पहिली सकाळ आली. राजा घाटावर उभा होता, आभाळ मोकळे होते. कुठे निळी चिंधीही नव्हती. ऊन चढले तरी हंसी दिसेना. आपणच तिची वाट पुसली, असे राजाला वाटले. तो पायरीवर बसला.

तेवढ्यात पाण्यात एक पांढरा ठिपका दिसला. राजाने वर पाहिले. हंसी सरळ घाटावर उतरत होती. ती बोलली नाही. तिने मान वाकवली आणि पाण्यात पाहिले. पाण्यात बाई दिसली.

ओल्या पायांनी राणी पायरीवर आली.

"सुधन्वा," ती म्हणाली.

राजा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "झेंडे उतरवले होते. तू वाट चुकशील, अशी भीती होती."

"कसले झेंडे?" राणीने विचारले. "मी झेंडे कधी पाहिलेच नाहीत. येताना सारा वेळ पाणीच शोधत होते."

राजाने मान खाली घातली. राणीने त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने पाण्यात पाहून विस्कटलेले केस सारखे केले. कुमुदाक्षीने वेशीबाहेरचा आमराईचा अख्खा डोंगर मागून घेतला, तो राजाने हसत दिला. बायका पुन्हा घाटावर कुंकू लावू लागल्या.

त्यांची नदी त्यांना मिळाली, तुमची तुम्हाला मिळो.