येसूची वीणा आणि दगडी मंडप

फार जुन्या काळची ही गोष्ट. एका राजाच्या नगरात रेवणा नावाचा पाथरवट राहत असे. राजाच्या बागेतले मंडप, पायऱ्या, कारंजी, सारे त्याच्याच छिन्नीखालून उतरलेले. दिवसभर दगड घडवून तो घरी येई तेव्हा खांदे गळालेले असत आणि पापण्यांवर दगडाची पूड बसलेली असे.

त्याची बायको येसू वीणा वाजवी. घरामागे लहानशी बाग होती. तिथे बकुळीखाली मातीचा ओटा होता. संध्याकाळी येसू ओट्यावर बसून वाजवी, रेवणा खोडाला टेकून ऐके, आणि ऐकता ऐकता त्याचा शीण उतरे.

एके दिवशी त्याच्या मनात आले, राजासाठी मी एवढे मंडप उभारले आणि माझी बायको मातीत बसते!

“येसू,” तो म्हणाला, “तुझ्यासाठी इथं दगडी मंडप बांधतो. तोवर वीणा आत ठेव, धुरळा बसेल.”

“मला कशाला हवाय मंडप? तुम्ही दमून येता. बसा की जरा.”

“एवढं होऊ दे. मग बसायचंच आहे.”

खांब उभे राहायलाच तीन वर्षे लागली. मग त्याला वाटले, समोर पाणी हवे. त्याने हौद खोदला. हौद झाला तर कारंजे हवे. मग वेलींसाठी कमान, मग झोपाळा. राजाच्या कामावरून दमून यायचे आणि पुन्हा छिन्नी हातात घ्यायची, असे चालले.

येसू दारात येऊन विचारी, “आज बसायचं का?”

हातोडी न थांबवता तो म्हणे, “कळस राहिलाय गं.”

पुढे तिने विचारणेच सोडले. त्याच्या ते ध्यानातही आले नाही.

अठरा वर्षांनी कळस चढला. रेवणाने अंघोळ केली, मंडप झाडला आणि ठणकते अंग झोपाळ्यावर टाकले. “येसू, आण वीणा!”

येसूने वीणा आणली. दोन सूर निघाले. तिसऱ्याला बोट घसरले. तिने पुन्हा तार छेडली, पुन्हा तेच. मग तिने वीणा अलगद खाली ठेवली. तिच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले रेवणाने आज पहिल्यांदा पाहिले.

“बोटं वळत नाहीत आता,” ती म्हणाली. “चार वर्षं झाली.”

“चार वर्षं! आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही कमान बांधत होतात.”

रेवणाने खाली ठेवलेली वीणा उचलून मांडीवर घेतली. मग त्याने विचारले, “म्हणजे एवढी वर्षं वीणा मुकीच राहिली?”

“मुकी कशानं राहील? बोटं चालत होती तोवर रोज दुपारी मी पलीकडं कुंभारीणबाईंच्या अंगणात जायची. त्या चिखल तुडवायच्या, मी वाजवायची. वर फाटकं छप्पर होतं, पण मन भरेपर्यंत वाजवलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी तो कुंभारणीच्या अंगणात गेला. म्हातारी चिखल तुडवत एक चाल गुणगुणत होती.

“ही चाल येसूची का?” त्याने विचारले.

“तिचीच बाबा. रोज ऐकून ओठांत बसली. तुम्हाला तर पाठच असेल, तुम्ही घरचे!”

रेवणाने मान खाली घातली. “नाही येत मला. पुन्हा म्हणता का?”

म्हातारीने चाल पुन्हा धरली. रेवणा तिथेच ओल्या मातीशेजारी बसला. आपल्या घरचे संगीत परक्या ओठांतून ऐकता ऐकता त्या थकल्या माणसाच्या डोळ्यांना धारा लागल्या. मागे त्याच्या बागेत कारंजे उडत होते आणि मंडपात पारवे घुमत होते.

तात्पर्य : सुखाला जागा बांधता बांधता सुखाची वेळ निघून जाते; जे आज दारी आहे, ते आजच भोगावे.