शेवटची पिशवी

"पण बाई, नळीच मोडत नाही म्हटल्यावर पंख कसा मोडेल?"

शार्दूलनं परत तेच विचारलं.

बाई शेंगा सोलत होत्या. एक दाणा किडका निघाला. तो त्यांनी लांब फेकला आणि पुढची शेंग घेतली.

...

बाई म्हणजे इनामदारबाई. सत्तरी पार केलेली. साडीवर क्रिकेटच्या अंपायरसारखी पांढरी टोपी, पायात बूट. तरुणपणी ग्लायडर उडवायच्या, म्हणजे बिनइंजिनाचं खरं विमान, आत माणूस बसतो ते. आता गुडघे वर जाऊ देत नाहीत, म्हणून आम्हाला रिमोटवरची विमानं शिकवतात.

म्हसोबाच्या माळावर एक जुनी धावपट्टी आहे. कुणी कशाला बांधली, कुणालाच ठाऊक नाही. तिथं शेळ्या चरतात आणि आम्ही विमानं उतरवतो. शेळ्या आमच्यापेक्षा बऱ्या उतरतात.

आणि शार्दूल म्हणजे आमच्यातला सगळ्यात हुशार. हे आम्ही नाही, तोच सांगतो.

त्यानं जेट बांधलं होतं. पंखा लावून जेट म्हणतात ते नाही, खरं जेट. आत मुठीएवढं टर्बाईन. ते रॉकेल पितं आणि अशी शिट्टी मारतं की माळावरची कुत्री पाहुण्यांकडे निघून जातात. बारा किलोचा ऐवज. हायवेवरच्या गाडीला म्हातारी म्हणेल असा पळणारा. पंखावर लाल अक्षरात लिहिलेलं, 'सुसाट'.

नाकाला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. कुणी ते विचारू नका.

...

"नळी दाखव," बाई म्हणाल्या.

आता नळी म्हणजे काय, ते सांगतो. विमानाच्या पंखात आतून एक कणा जातो. त्याला स्पार म्हणतात. आपल्या पाठीला कणा, तसा पंखाला स्पार. शार्दूलच्या विमानात तो नळीचा होता. एका पंखाच्या मध्यापासून निघून, पोटातून जाऊन, दुसऱ्या पंखाच्या मध्यापर्यंत पोचणारा. विमानाच्या सुट्या भागांच्या खोक्यात आलेली नळी अॅल्युमिनियमची होती, पातळ. शार्दूलला ती आवडली नाही. त्यानं ती काढली आणि कार्बनची घातली. जाड, काळी, दंडासारखी.

त्यानं ती दोन दगडांवर आडवी ठेवली.

"चढा रे."

मी चढलो. बाप्या चढला. बाप्या एकटाच दोघांएवढा आहे.

नळी हलली सुद्धा नाही. बाप्यानं वर दोन उड्या मारल्या. दगड हलला.

"बघा बाई!" शार्दूल म्हणाला. "ही मोडेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मग बांधा रिबीन."

...

रिबिनीचं असं आहे. माळावर नवीन विमान आलं की बाई त्याच्या पंखाच्या टोकाला हिरवी रिबीन बांधतात. रिबीन नसली तर उडवायचं नाही. मंत्र्याचा पोरगा आला तरी नाही. एकदा आलाही होता. शेंगा खाऊन परत गेला.

आणि उद्या शाळेची पोरं येणार होती विमानं बघायला. माळाच्या कडेनं दोरी बांधली होती, तिला सगळी लटकणार. शार्दूलनं गावात फलक लावला होता, त्यात त्याचाच फोटो मोठा आणि विमान बारीक. वडील पाहुणे घेऊन येणार होते. आज रिबीन मिळाली नाही तर उद्या तोंड कुठं लपवायचं, एवढाच प्रश्न होता.

त्याला तरी एवढाच वाटत होता.

"उद्या कुठनं नेणार?" बाईंनी विचारलं.

"दोरीच्या वरनं. खालून येणार, आणि बरोब्बर पोरांच्या डोक्यावर सरळ वर खेचणार. आमची रेवू पहिल्या रांगेत असणार ना. भाचीला शब्द दिलाय, तुझ्या डोक्यावरनं नेतो म्हणून."

बाईंनी शेंगांचा कागद बाजूला ठेवला.

"खराटा आण."

...

मीच आणला. झाडायला लावतील म्हणून बाप्या आधीच पसार झाला होता.

बाईंनी खराट्यातली एक हीर उपसली. पर्समधून रिकामं बॉलपेन काढलं. आतली रिफील टाकून दिली, आणि त्या पोकळ कांडीत हीर अर्ध्यापर्यंत सरकवली. घट्ट बसली.

"पेन धर. हीर वाकव."

शार्दूलनं वाकवली. काडकन मोडली.

"कुठं मोडली?"

"पेनाच्या तोंडाशी."

"पेन मोडलं?"

"पेन कशाला मोडेल बाई? चांगलं टणक आहे."

"हं."

"हीर वाळकी होती," शार्दूल म्हणाला.

बाईंनी दुसरी हीर उपसली. हिला पेन नाही, काही नाही. दोन्ही टोकं धरून वाकवली. वाकली, अजून वाकली, बांगडीएवढी गोल झाली. सोडल्यावर सरळ.

"ही कुठली?"

"त्याच खराट्यातली..."

"हं," बाई परत म्हणाल्या. आणि मोडकी हीर, पेनासकट, त्याच्या खिशाला लावली.

शार्दूल आमच्याकडे बघून हसला. म्हातारी आज पेन विकतीय, असं डोळ्यांनी म्हणाला.

आम्ही पण हसलो. हुशार पोरगा हसला की हसावं लागतं, त्याच्याकडे गाडी असते.

...

"पालथं घाल," बाई म्हणाल्या.

शार्दूलचं हसू जागेवरच राहिलं.

पालथं घालणं ही आमच्या माळाची रीत. विमान उलटं करून दोन स्टुलांवर गादी टाकून ठेवायचं आणि पंखांवर वाळूच्या पिशव्या रचायच्या. उलटं अशासाठी की आकाशात हवा पंखाला खालून वर रेटते, आणि वाळूला फक्त वरून खाली रेटता येतं. विमान उलटं केलं की दोन्ही एकच.

आणि पिशव्या इतक्या कशाला, तर बारा किलोचं विमान वेगात वर खेचलं की ते स्वतःला बारा किलोचं समजत नाही. म्हैस समजतं. ती सगळी म्हैस पंखांवर.

पिशव्या म्हणजे बाईंच्या घरातले जुने उशांचे अभ्रे. फुलाफुलांचे.

"बाई, याला नको," शार्दूल म्हणाला. "असं वजन ठेवलं तर आतनं तडा जातो. दिसत नाही. मग उद्या हवेत मोडायचं."

"खरं आहे."

"हो ना?"

"हो. मग नको ठेवूया."

शार्दूलनं श्वास सोडला.

"आणि नको उडवूया," बाई म्हणाल्या.

...

पालथं घातलं.

बाईंनी नाकाची लिंबू-मिरची सोडून माझ्या हातात दिली. "हिचं वजन धरायचं का?"

मी नाही म्हणालो.

एकेकानं पिशवी आणायची, पोटाजवळ जड, टोकाकडे हलकी, डावी-उजवी बरोबरीनं. 'सुसाट'वर गुलाब, झेंडू आणि कसलीतरी निळी फुलं जमायला लागली. पंखांची टोकं हळूहळू खाली झुकली. एक शेळी येऊन बघून गेली.

शेवटची एक जोडी राहिली. डाव्या हाताची ठेवून झाली. उजवीकडची तेवढी शिल्लक.

पंख उभे होते. म्हणजे, उलटे उभे होते.

"टिकला!" बाप्या ओरडला. तो परत आला होता.

"सांगत होतो," शार्दूल म्हणाला. "काढा आता पिशव्या."

"ती राहिली," बाई म्हणाल्या.

"ती कशाला बाई? एवढा ताण येणारच नाही. मी एवढं खेचणारच नाही. रिमोटची स्टिक माझ्या हातात आहे ना."

"एवढं नाही खेचणार?"

"नाही."

"रेवू म्हणाली, मामा, अजून एकदा, अजून जवळनं... तर?"

शार्दूलनं काढायला घेतलेली पिशवी परत जागेवर ठेवली.

...

आता शेवटच्या पिशवीची वेगळी रीत आहे. ती ज्याचं विमान त्यानंच ठेवायची. आणि तो ठेवत असताना बाकी सगळ्यांनी पाठ फिरवायची. बाईंनी सुद्धा. मग बाई विचारतात, "ठेवली?" आणि तो म्हणतो, "ठेवली." संपलं. कुणी तपासत नाही.

नवीन पोरं विचारतात, मग खोटं बोललं तर?

बाई म्हणतात, बोल की.

"फिरा," बाई म्हणाल्या.

आम्ही फिरलो. मी पाठ फिरवली. मान नाही.

शार्दूलनं पिशवी उचलली. निळ्या फुलांची. छातीशी धरून उभा राहिला. पंखाकडे बघितलं. मग आमच्या पाठींकडे. सगळ्या पाठीच होत्या, त्याला बरं वाटलं असणार. पिशवी खाली ठेवून 'ठेवली' म्हणायला किती वेळ लागतो? वडील, पाहुणे, फलक, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मी असतो तर एव्हाना म्हणालो असतो.

तो वाकला. पिशवी मातीत टेकवली.

"ठेवली?" बाईंनी विचारलं. तोंड गावाकडे.

वाऱ्यानं दोरी हलत होती, पोरांसाठी बांधलेली. नुसती दोरी. तिला अजून कुणी लटकलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला.

मग त्यानं खिशातलं पेन काढलं. मोडक्या हिरेवरून अंगठा फिरवला, जिथं मोडली होती तिथं. मग उजव्या पंखावरून फिरवला, हळूहळू, पोटाकडून टोकाकडे. मधेच एका जागी थांबला. आत नळी तिथं संपत होती.

"ठेवली का रे?"

"थांबा बाई."

आवाज वेगळाच होता. मी मान पण फिरवली. का ते माहीत नाही.

...

...

कट्.

एवढाच आवाज. ऊस मोडल्यासारखा पण नाही, बारीक. मग पिशव्या घसरल्या, धप, धप, धप, आणि वाळू सांडत राहिली.

आम्ही वळलो.

उजवा पंख अर्ध्यातनं लोंबत होता. 'सुसा' इकडं आणि 'ट' तिकडं. मोडलेल्या जागेतून काळ्या नळीचं तोंड बाहेर आलं होतं. नळीला ओरखडा सुद्धा नव्हता. बाप्या अजून वर नाचला असता तरी चाललं असतं.

कुणी हसलं नाही. मी पण नाही, आणि मी मयतात हसलेलो आहे.

शार्दूल खाली बसला.

"पेनाच्या तोंडाशी," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही.

मग त्यानं बाईंकडे बघितलं.

"उद्या पाहुणे येणार बाई. बाबा येणार. फलक लावलाय..."

"लावलायस खरा."

"आणि रेवूला शब्द दिलाय. काय सांगू तिला?"

बाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकल्या. लोंबणाऱ्या पंखाचं टोक उचललं. त्यावरची वाळू पदरानं पुसली. कमरेचा बटवा काढला, त्यातनं हिरवी रिबीन काढली, आणि टोकाला नीट गाठ मारून बांधली. वर फूल पण केलं. आमच्या कुणाच्या विमानाला त्यांनी कधी फूल केलेलं नाही.

शार्दूल बघतच राहिला.

"बाई... अहो, मोडला तो."

बाईंनी शेंगांचा कागद उचलला. एक शेंग फोडली, दोन दाणे निघाले. एक त्याच्या हातावर ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "इथं मोडला."